दूरदर्शनचे ॲनालॉग प्रक्षेपण थांबले, तेव्हा नेमके काय बदलले?

ऑक्टोबर २०२१ मध्ये दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने जाहीर केले की, दूरदर्शनचे उरलेले ॲनालॉग प्रक्षेपक ३१ ऑक्टोबर, ३१ डिसेंबर आणि ३१ मार्च २०२२ अशा तीन टप्प्यांत बंद होतील आणि सामरिकदृष्ट्या महत्त्वाच्या ठिकाणचे सुमारे ५० प्रक्षेपक तेवढे चालू राहतील. त्याआधीच बहुतेक प्रक्षेपक बंद झालेले होते. या घोषणेनंतर काही शहरांतील दूरदर्शन केंद्रेच बंद पडणार असल्याच्या बातम्या पसरल्या आणि केंद्रे कार्यक्रमनिर्मिती करीतच राहतील, बंद होणार आहेत ते केवळ जुने प्रक्षेपक, असा खुलासा प्रसार भारतीला करावा लागला. हा गोंधळ स्वाभाविक होता, कारण कार्यक्रम तयार करणारे केंद्र आणि तो हवेतून घरापर्यंत पोहोचवणारा मनोरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रेक्षकाला एरवी लक्षात घेण्याचे कारणच पडत नाही. खुलासा झाल्यावर विषय मागे पडला. ज्या यंत्रणेने एके काळी देशाच्या सुमारे ९० टक्के लोकसंख्येपर्यंत चित्र पोहोचवले, ती बंद झाल्याचे बहुसंख्य घरांना जाणवलेदेखील नाही. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर आधी ती यंत्रणा कशी चालत होती आणि तिची जागा घेऊ पाहणारे डिजिटल तंत्र तिच्याहून कोणत्या बाबतीत वेगळे आहे, हे पाहावे लागते.

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, पण दुसऱ्या शहराला, म्हणजे मुंबईला, त्यासाठी २ ऑक्टोबर १९७२ पर्यंत थांबावे लागले. पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. मराठवाड्यात म्हैसमाळच्या डोंगरावर असाच मनोरा उभा राहिला. जागा डोंगरमाथ्याचीच का, याचे उत्तर सोपे आहे: दूरचित्रवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओलहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात, त्यामुळे मनोऱ्याचे टोक आणि घरावरचा अँटेना यांच्यामध्ये डोंगर किंवा पृथ्वीचा फुगवटा आला की चित्र मिळणे अवघड होते. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आणि उपग्रहाच्या साहाय्याने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर प्रत्येक गावासाठी दिल्लीपासून तारांचे किंवा सूक्ष्मलहरींचे जाळे विणण्याची गरज उरली नाही. उपग्रहाकडून कार्यक्रम घ्यायचा आणि १०० वॅटसारख्या लहान शक्तीच्या प्रक्षेपकातून तो आसपासच्या परिसरात सोडायचा, एवढ्यावर काम भागू लागले. १९८४ मध्ये तर काही महिने जवळजवळ रोज एक नवा प्रक्षेपक देशात कुठे ना कुठे सुरू होत होता. मोठ्या शहरांत १० किलोवॅटचे, तालुक्याच्या गावी १०० ते ५०० वॅटचे आणि दुर्गम खोऱ्यांत अवघ्या १० वॅटचे, असे करत करत हे जाळे सुमारे १४०० प्रक्षेपकांचे झाले.

ॲनालॉग चित्र हवेतून कसे येते

आपल्याकडे वापरात असलेल्या ॲनालॉग पद्धतीत प्रत्येक चित्र ६२५ आडव्या ओळींत विभागलेले असे आणि सेकंदाला अशी २५ चित्रे पाठवली जात. एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद मिळत, त्यांपैकी सुमारे ५२ मायक्रोसेकंदांत प्रत्यक्ष चित्र असे आणि बाकीचा वेळ पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पोहोचण्याची खूण देण्यात जाई. ओळीतील प्रत्येक बिंदू किती उजळ किंवा काळोखा आहे, त्या प्रमाणात लहरीची तीव्रता कमी-जास्त केली जाई. येथे एक गंमत आहे. या पद्धतीत पडदा जितका काळा, तितकी प्रक्षेपकाची शक्ती अधिक खर्च होई, म्हणजे रात्रीचा प्रसंग दाखवताना भर दुपारच्या प्रसंगापेक्षा जास्त वीज लागे. त्यामागे हेतू असा की, चित्राला शिस्त लावणाऱ्या खुणा सर्वांत जास्त शक्तीने पाठवल्या जाव्यात, जेणेकरून संदेश क्षीण झाला तरी चित्र निदान जागेवर स्थिर राहील.

महत्त्वाचा मुद्दा हा की, हवेतून येणारी लहर हीच चित्राची प्रतिकृती होती. तिच्यात वाटेत जे काही मिसळले, ते थेट पडद्यावर उमटे. प्रक्षेपक दूर असला आणि लहर क्षीण झाली की अवकाशातील आणि यंत्रातील विद्युत गोंगाट तिच्या तोडीस तोड होई आणि पडद्यावर मुंग्या दिसू लागत. लहर एखाद्या इमारतीवरून किंवा डोंगरावरून परावर्तित होऊन उशिरा पोहोचली, तर मूळ चित्राशेजारी त्याची फिकट सावली पडे. ही सावली किती अंतरावर पडेल, याचा हिशेब करता येतो. परावर्तित लहरीला ३ किलोमीटरचा वळसा पडला, तर तिला सुमारे १० मायक्रोसेकंद उशीर होतो, आणि एक ओळ ५२ मायक्रोसेकंदांची असल्याने सावली पडद्याच्या रुंदीच्या जवळपास एक पंचमांश अंतरावर दिसते. छपरावर चढून अँटेना फिरवण्याचा जो उद्योग घरोघरी चाले, तो बहुतांशी या सावलीशी आणि मुंग्यांशी चाललेला झगडा होता. तरीही ॲनालॉगचा एक गुण मान्य करावा लागतो: ते हळूहळू बिघडत असे. चित्र खराब झाले तरी बातम्या ऐकू येत, धावफलक जेमतेम का होईना वाचता येई, आणि प्रेक्षक त्यातून आपले काम भागवी.

ॲनालॉगची खरी अडचण चित्राच्या दर्जापेक्षा जागेची होती. एका वाहिनीला ७ किंवा ८ मेगाहर्ट्झ रुंदीचा वारंवारतापट्टा लागे आणि त्यात एकच कार्यक्रम बसे. त्यातही शेजारच्या दोन प्रक्षेपकांना तोच पट्टा देता येत नसे, कारण दोघांच्या क्षेत्रांच्या सीमेवर एकाचे चित्र दुसऱ्यात मिसळले असते. त्यामुळे सिंहगडाला एक पट्टा दिला की, आसपासच्या बऱ्याच मोठ्या परिसरात तो मोकळा ठेवावा लागे. कागदावर रिकामा दिसणारा, पण प्रत्यक्षात कोणालाही वापरता न येणारा असा वारंवारतापट्टा देशभर पसरलेला होता. एक-दोन वाहिन्यांच्या काळात याची खंत कोणाला वाटली नाही. मोबाइल दूरध्वनीचे युग आल्यावर मात्र त्याच जागेला मोल आले.

डिजिटलमध्ये काय वेगळे होते

डिजिटल पद्धतीत चित्राची प्रतिकृती पाठवली जात नाही, तर चित्राचे वर्णन करणारे आकडे पाठवले जातात. साध्या दर्जाच्या एका चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या उजेडाला आणि रंगाला मिळून १६ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे १६ अंक, दिले आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर दर सेकंदाला साधारण साडेसोळा कोटी बिट पाठवावे लागतील. एवढे ओझे ८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मावण्यासारखे नाही. म्हणून पहिले काम संक्षेपणाचे असते. बातम्या देणाऱ्या निवेदिकेच्या मागची भिंत एका चित्रातून पुढच्या चित्रात बदलत नाही, तेव्हा ती पुन्हा पाठवण्याऐवजी ‘ही भिंत तशीच आहे’ एवढेच कळवले जाते. धावणारा खेळाडू थोडा डावीकडे सरकला असेल, तर त्याचे चित्र पुन्हा न पाठवता तो किती सरकला ते पाठवले जाते. डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक तपशील गाळले जातात. या सगळ्या उपायांनी साडेसोळा कोटी बिटांचे ओझे २० ते ३० लाखांवर आणता येते, आणि ८ मेगाहर्ट्झचा एक पट्टा अलीकडच्या डीव्हीबी-टी२ या प्रमाण पद्धतीनुसार, स्थिर अँटेनासाठी, सेकंदाला ३ ते ४ कोटी बिट वाहून नेऊ शकतो. म्हणजे जिथे एक वाहिनी बसत होती, तिथे आता साध्या दर्जाच्या दहाहून अधिक वाहिन्या किंवा उच्च दर्जाच्या तीन-चार वाहिन्या बसतात. त्यांना एका गाठोड्यात बांधून पाठवले जाते आणि प्रेक्षकाच्या घरचे यंत्र हव्या त्या वाहिनीचे आकडे त्यातून वेगळे काढते.

दुसरे काम त्या आकड्यांना संरक्षण देण्याचे. संक्षेपणाने चित्रातील सगळी पुनरुक्ती काढून टाकल्यामुळे उरलेला प्रत्येक बिट मोलाचा होतो आणि एखादा चुकला तरी चित्राचा मोठा भाग बिघडू शकतो. त्यामुळे प्रक्षेपणापूर्वी ठरावीक गणिती नियमांनी जादा बिट मुद्दाम जोडले जातात. उदाहरणार्थ, मूळच्या दर ३ बिटांमागे संरक्षणाचे २ बिट. पाठ असलेला अभंग खरखरणाऱ्या कर्ण्यातून ऐकताना मधले शब्द बुडाले तरी ऐकणाऱ्याला ते भरून काढता येतात, कारण छंद आणि यमक यांमुळे तिथे कोणता शब्द असायला हवा ते ठरलेले असते. जोडलेले बिट ग्राहक यंत्राला अशीच मदत करतात. गोंगाटाने काही बिट उलटेपालटे झाले, तरी नियमांशी ताडून पाहून यंत्र मूळचे आकडे जसेच्या तसे परत मिळवते. म्हणूनच डिजिटल चित्रात मुंग्या येत नाहीत. पण या दुरुस्तीला मर्यादा आहे. चुका त्या मर्यादेपलीकडे गेल्या की गणित कोसळते, पडद्यावर चौकटी तुटतात, चित्र गोठते आणि नंतर काहीच उरत नाही. ॲनालॉगमध्ये ज्या घराला मुंग्यांसकट का होईना चित्र दिसत होते, त्याला डिजिटलमध्ये एक तर स्वच्छ चित्र मिळते किंवा कोरा पडदा. प्रक्षेपणक्षेत्राच्या कडेला राहणाऱ्यांच्या दृष्टीने ही बाब लहान नाही, आणि डिजिटलची जाहिरात करणाऱ्यांनी ती कधी ठळकपणे सांगितली नाही.

तिसरे काम सावलीचा बंदोबस्त करण्याचे, आणि माझ्या मते या संपूर्ण तंत्रातील सर्वांत देखणी कल्पना इथेच आहे. सगळे बिट एकाच वेगवान प्रवाहात पाठवले, तर प्रत्येक बिटाच्या वाट्याला इतका अल्प वेळ येतो की उशिरा आलेली परावर्तित लहर पुढच्या अनेक बिटांवर जाऊन आदळते. म्हणून ८ मेगाहर्ट्झचा पट्टा हजारो अरुंद उपलहरींत विभागला जातो. डीव्हीबी-टी२ मध्ये त्यांची संख्या २७ हजारांपर्यंत जाते. प्रत्येक उपलहरीवरचे काम अगदी सावकाश चालते, सेकंदाला तीनशेपेक्षाही कमी वेळा तिच्यावरील खूण, म्हणजे काही बिटांचा एकत्रित संकेत, बदलते. एक खूण साडेतीन हजार मायक्रोसेकंदांहून अधिक काळ टिकत असताना १० मायक्रोसेकंद उशिरा आलेली सावली तिला काय बिघडवणार? शिवाय प्रत्येक खुणेआधी थोडा राखीव वेळ ठेवलेला असतो, ज्यात परावर्तित लहरींचा धुरळा खाली बसू दिला जातो आणि मगच यंत्र ती खूण वाचते. हा राखीव वेळ २२४ मायक्रोसेकंदांचा असेल, तर सुमारे ६७ किलोमीटरचा वळसा घेऊन आलेली लहरही निरुपद्रवी ठरते.

याचा पुढचा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. वळसा घेऊन उशिरा आलेली लहर आणि शेजारच्या दुसऱ्या मनोऱ्यावरून आलेली तीच लहर यांत ग्राहक यंत्राला काही फरक करावा लागत नाही. त्यामुळे अनेक मनोरे एकाच वारंवारतेवर, उपग्रहीय घड्याळाशी वेळ जुळवून, तोच कार्यक्रम एकाच क्षणी सोडू शकतात आणि ते एकमेकांना अडथळा न होता मदतच करतात. ॲनालॉगमध्ये शेजारी प्रक्षेपकांमुळे जे मोठे क्षेत्र मोकळे ठेवावे लागे, त्याची गरज इथे फार कमी होते. त्याच क्षेत्रासाठी लागणारी प्रक्षेपणशक्तीही कमी असते, त्यामुळे विजेचे बिल उतरते. जुन्या प्रक्षेपकांवर वीज आणि मनुष्यबळ यांचा जो खर्च होत होता, तो वाचणार असल्याचे प्रसार भारतीने ते बंद करण्याची कारणे देताना स्पष्टपणे सांगितले होते.

अवघड भाग मनोऱ्यावर नसतो

इथपर्यंतचे काम अभियंत्यांचे आहे आणि पैसा असेल तर ते काही वर्षांत उरकते. खरे घोडे अडते ते प्रेक्षकाच्या घरात. जुन्या दूरचित्रवाणी संचाला डिजिटल लहर समजत नाही. एक तर नवा संच घ्यावा लागतो किंवा जुन्या संचाला सेट-टॉप बॉक्स जोडावा लागतो, आणि हा खर्च प्रसारकाच्या नव्हे, प्रेक्षकाच्या खिशातून होतो. ज्यांना अँटेनाशिवाय दुसरा पर्याय परवडत नाही, नेमके तेच लोक शेवटपर्यंत मागे राहतात. म्हणून जगात जिथे जिथे हे संक्रमण नीट पार पडले, तिथे काही काळ दोन्ही प्रक्षेपणे शेजारी शेजारी चालवली गेली आणि बॉक्ससाठी सरकारने हात सैल केला. अमेरिकेत घरटी ४० डॉलरची दोन कूपने देण्यात आली, तरीही तयारी अपुरी पडल्याने १७ फेब्रुवारी २००९ ही तारीख १२ जूनपर्यंत पुढे ढकलावी लागली. ब्रिटनने २००७ मध्ये व्हाइटहेवन या छोट्या गावापासून सुरुवात करून एकेक प्रदेश घेत २०१२ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये काम संपवले आणि ७५ वर्षांवरील वृद्धांना व अपंगांना बॉक्स बसवून देण्याची वेगळी योजना चालवली. जपानने २४ जुलै २०११ ही तारीख पाळली, पण त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या भूकंपाने उद्ध्वस्त केलेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना ३१ मार्च २०१२ पर्यंत सवलत दिली. याउलट दक्षिण आफ्रिकेला आंतरराष्ट्रीय कराराने ठरलेली १७ जून २०१५ ही मुदत पाळता आली नाही, आणि त्यामागे बॉक्सच्या वाटपाचा आणि त्यावरील वादाचा मोठा हात होता. नेदरलँड्सने मात्र २००६ मध्येच फारसा गाजावाजा न होता ॲनालॉग बंद केले, कारण तिथल्या बहुतेक घरांत आधीपासूनच केबल होती आणि अँटेनावर फार थोडी कुटुंबे अवलंबून होती.

भारताची वाट यांपैकी नेदरलँड्सच्या सर्वांत जवळ जाणारी आहे, मात्र ती कोणी आधी आखून ठेवलेली नव्हती. १९९१ नंतर केबल गल्लीबोळांत पोहोचली आणि शहरांतील छपरांवरचे अँटेना एकेक करून उतरू लागले. पुढे केबलच्या कायद्यात दुरुस्ती होऊन २०१२ च्या अखेरीपासून, मुंबईसह महानगरांपासून सुरुवात करून, केबलदेखील डिजिटल करणे सक्तीचे झाले आणि सेट-टॉप बॉक्स हा शब्द घराघरात रुळला. पण तो बॉक्स केबलचा होता, अँटेनाचा नव्हे. केबल जिथे पोहोचली नाही, त्या खेड्यांसाठी प्रसार भारतीने डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस ही थेट उपग्रहावरून घरी येणारी सेवा सुरू केली. तीच आज डीडी फ्री डिश या नावाने चालते. एकदा डिश आणि बॉक्स घेतला की महिन्याचे भाडे नाही. प्रसारकाच्या बाजूने पाहिले तर हा हिशेब फारच सोयीचा होता. १४०० मनोरे, त्यांची वीज, डिझेल आणि पाळ्यांमधील कर्मचारी यांऐवजी सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरचा एक उपग्रह जवळजवळ सगळा देश व्यापतो, आणि फ्री डिशवरील जागा खासगी वाहिन्यांना लिलावाने देऊन उत्पन्नही मिळते.

असे असूनही अँटेनाचे डिजिटल रूपांतर अगदीच झाले नाही, असे नाही. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरदर्शनने १६ शहरांत डीव्हीबी-टी२ प्रक्षेपण सुरू केले. महाराष्ट्रातील मुंबई आणि त्या वेळचे औरंगाबाद ही दोन शहरे त्यात होती. पाच वाहिन्या होत्या आणि भर घरातल्या संचापेक्षा मोबाइल आणि टॅब्लेटवर होता. फोनला एक छोटे उपकरण जोडायचे आणि इंटरनेटशिवाय दूरदर्शन पाहायचे, अशी कल्पना होती. ती फारशी रुजली नाही. बाजारात ते उपकरण शोधावे लागे, फोनला लटकणारी वस्तू घेऊन फिरणे कोणाला रुचले नाही, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात मोबाइल इंटरनेट कमालीचे स्वस्त झाले. जानेवारी २०१७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, टप्प्याटप्प्याने २०२३ अखेरपर्यंत ॲनालॉग बंद करून डिजिटल भूस्थित, म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून होणाऱ्या, प्रक्षेपणाचा विस्तार करावा आणि त्यात खासगी प्रसारकांनाही वाव द्यावा, अशी शिफारस केली. शिफारशीचा पहिला अर्धा भाग मुदतीच्या बऱ्याच आधी अमलात आला, दुसरा अर्धा कागदावर राहिला.

म्हणूनच भारतात ॲनालॉगकडून डिजिटलकडे झालेले स्थित्यंतर हे अँटेनावरच्या प्रेक्षकाला नव्या अँटेनापर्यंत नेणारे स्थित्यंतर नव्हते, असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते. प्रेक्षक आधीच केबलकडे आणि डिशकडे निघून गेला होता, मनोरे त्याच्यामागून बंद झाले. २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने उपग्रहाचा ट्यूनर आतच बसवलेल्या दूरचित्रवाणी संचांसाठी मानक प्रसिद्ध केले. वेगळ्या बॉक्सची गरज संपावी, हा त्यामागचा विचार. शासनाच्या नजरेतही आता घराचा स्वाभाविक पर्याय डिश आहे, हेच त्यातून दिसते.

या निवडीत काय गमावले, तेही पाहायला हवे. उपग्रहाच्या लहरी सुमारे ११ गिगाहर्ट्झच्या वारंवारतेवर येतात आणि मुसळधार पावसात त्या शोषल्या जातात. कोकणातल्या आषाढ-श्रावणात नेमक्या हवामानाच्या बातम्या हव्या असतात तेव्हाच चित्र जाते, हा अनुभव डिश वापरणाऱ्याला नवा नाही. दूरचित्रवाणीच्या जुन्या, कमी वारंवारतेच्या पट्ट्यांवर पावसाचा असा परिणाम जवळजवळ होत नाही. डिश उपग्रहाच्या दिशेने अचूक रोखलेली असावी लागते. वादळात ती हलली की जाणकार माणूस येईपर्यंत घरात चित्र दिसत नाही आणि चालत्या गाडीत तर ती निरुपयोगीच असते. शिवाय उपग्रहावरून जे जाते ते सबंध देशाला एकसारखे जाते. एखाद्या जिल्ह्यापुरता पुराचा इशारा फक्त त्याच जिल्ह्यातल्या पडद्यांवर दाखवण्यासाठी स्थानिक मनोऱ्याइतके सोपे साधन दुसरे नाही. अर्थात, आपले बहुतेक लहान प्रक्षेपक दिल्लीहून किंवा राज्याच्या केंद्राहून येणारे कार्यक्रमच पुढे सोडत होते, तेव्हा ही क्षमता प्रत्यक्षात किती वापरली गेली, हा प्रश्न उरतोच.

मोकळ्या झालेल्या वारंवारतांची कथा तितकी सरळ नाही. कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात, त्यामुळे मोबाइल कंपन्यांना त्या हव्याशा वाटतात. दूरचित्रवाणीच्या पट्ट्याचा वरचा भाग, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, जगभर याच कारणाने दूरसंचाराकडे वळवला गेला. भारतात तो २०१६ मध्ये लिलावात आला तेव्हा किंमत पाहून एकही बोली लागली नाही, २०२१ मध्येही तेच घडले, आणि २०२२ मध्ये रिलायन्स जिओने तो ५जी सेवेसाठी घेतला. त्याखालचा ४७० मेगाहर्ट्झपासूनचा भाग मात्र अजून प्रसारणाच्या वाट्याचा मानला जातो.

ज्यांच्याकडे अजून काचेच्या नळीचा जुना संच चालू स्थितीत आहे, त्यांना तो टाकून देण्याचे कारण नाही. फ्री डिशच्या साध्या बॉक्सला पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या टोकांच्या तारा जोडण्याची सोय असते आणि संचाच्या मागे तशी छिद्रे असली तर चित्र आणि आवाज सरळ मिळतो. बॉक्स घेताना तो एमपीईजी-४ या नव्या संक्षेपण पद्धतीचा आहे, याची खात्री करून घ्यावी, कारण फ्री डिशवरील काही वाहिन्या जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर दिसत नाहीत.

४७० मेगाहर्ट्झपासूनचा तो पट्टा कोणाला मिळावा, यावरचा पुढचा वाद सुरू झालेला आहे. प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर यांनी मिळून ‘डायरेक्ट टू मोबाइल’ या तंत्राच्या चाचण्या घेतल्या आहेत. त्यात मनोऱ्यावरून निघालेले डिजिटल प्रक्षेपण इंटरनेटशिवाय आणि सिमकार्डशिवाय थेट फोनमध्ये घेतले जाते. २०१६ च्या प्रयोगाशी त्याचे नाते उघड आहे. फरक एवढाच की, या वेळी लटकते उपकरण नको, ग्राहक चिप फोनमध्येच हवी. एकच सामना लाखो लोक एकाच वेळी पाहत असताना प्रत्येकाला इंटरनेटवरून वेगळा प्रवाह पाठवण्यापेक्षा एका मनोऱ्यावरून सर्वांना एकदाच पाठवणे किफायतशीर आहे, हा त्यामागचा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या बिनतोड आहे. ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा यासाठी राखून ठेवावा, असा आग्रह माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२४ च्या सुरुवातीला धरला. मोबाइल कंपन्यांना तो पट्टा स्वतःसाठी हवा आहे, आणि फोन बनवणाऱ्या कंपन्यांचे म्हणणे असे की, वेगळी चिप आणि वेगळा अँटेना बसवल्याने फोनची किंमत वाढेल आणि त्याची रचना नव्याने करावी लागेल. मनोरे तयार होऊ शकतात, पण ग्राहक यंत्राचा खर्च कोणी सोसायचा, हा अमेरिकेत कूपने वाटून आणि ब्रिटनमध्ये घरोघरी माणसे पाठवून सोडवलेला प्रश्न इथे अजून कोणी आपल्या अंगावर घेतलेला नाही.